नोट ग्रेड करून घेताय? आधी तिऱ्हाईत कोण आहे ते बघा

पोस्ट लांब आहे, पण घरात जुन्या नोटांची डबी असेल तर शेवटपर्यंत वाचा. नसेल तर ज्याच्या घरात आहे त्याला पाठवा.

"ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट आहे का? घरबसल्या लाखो मिळवा." ही जाहिरात कधीच आली नाही असा मोबाईल आपल्या शिरूर-दौंड भागात शोधून सापडायचा नाही. कधी ट्रॅक्टरची नोट असते, कधी ७८६ नंबरची, कधी वैष्णोदेवीचं नाणं. या असल्या जाहिरातींबद्दल रिझर्व्ह बँकेने ४ ऑगस्ट २०२१ ला पत्रक काढून स्पष्ट सांगितलंय, की जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीशी बँकेचा काही संबंध नाही, बँक त्यासाठी कधीही फी किंवा कमिशन मागत नाही, आणि असे पैसे गोळा करायचा अधिकार बँकेने कोणालाही दिलेला नाही. इतकं साफ सांगूनही जाहिराती थांबल्या नाहीत, कारण फसणारेही थांबले नाहीत.

पण आज मला या जाहिरातींच्या पुढची गोष्ट बोलायची आहे. आता आपल्याकडच्या ग्रुपवर प्लास्टिकच्या जाड पाकिटात बंद केलेल्या नोटांचे फोटो फिरतात. पाकिटावर वर इंग्रजी अक्षरं, बारकोड आणि मोठा आकडा. कुठे ६४, कुठे ६७. खाली भाव, तोही डोळे पांढरे करणारा. मग पोरं विचारतात, "आपली पण नोट ग्रेड करून घ्यायची का? कुठली कंपनी चांगली?"

प्रश्न रास्त आहे. नोटांचं ग्रेडिंग हा खरा धंदा आहे, जगभर चालतो, आणि नीट वापरला तर उपयोगाचाही आहे. पण त्यातलं काय खरं आणि काय आपण मनाने जोडलेलं, हे समजून घेतलं नाही तर जाहिरातवाल्यांच्या हातात अजून एक हत्यार जाईल. माझं म्हणणं दोनच वाक्यांत सांगतो. प्रत लावणारा हा तिऱ्हाईत असला तरच त्या प्रतीला अर्थ आहे. आणि प्रत म्हणजे भाव नव्हे.

केडगावच्या नाहीतर शिरूरच्या बाजारात ज्याने कांदा नेलाय त्याला हे समजायला दोन मिनिटं पुरेत. आपण घरी कांदा निवडतो. एक नंबर वेगळा, दोन नंबर वेगळा, गोल्टी वेगळी, चिंगळी वेगळी. ही झाली प्रत. पण एक नंबरचा कांदा आहे म्हणून भाव मिळेलच असं कोणी छातीठोक सांगतो का? आवक वाढली की एक नंबरही मातीमोल जातो. आवक नसली की गोल्टीलाही गिऱ्हाईक पळत येतं. प्रत सांगते माल कसा आहे. भाव सांगतो माल किती आहे आणि मागणारे किती आहेत. नोटांचं गणित अगदी हेच आहे.

आता पाकिटावरचा आकडा येतो कुठून ते बघू. ही मोजपट्टी १ ते ७० अशी आहे. शंभर सोडून सत्तर का? तर विल्यम शेल्डन नावाच्या अमेरिकन माणसाने १९४९ साली त्यांच्याकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटच्या नाण्यांसाठी ही पट्टी मांडली. तीच पुढे सगळ्या नाण्यांना आणि मग कागदी नोटांना लागू झाली. ७० म्हणजे भिंगाखालीही खोट सापडू नये अशी नोट. ६० च्या वर म्हणजे चलनात न फिरलेली नोट. ५० ते ५८ म्हणजे जवळपास न वापरलेली, एखादी घडी किंवा हाताळल्याची खूण असलेली. ४० च्या घरात चांगली पण घड्या दिसणारी. त्याखाली उतरत उतरत आपल्या खिशातून दहा वर्षं फिरलेली, मऊ पडलेली, कडा फाटलेली नोट.

तपासणारे काय बघतात? घडी आहे का, कोपरे टोकदार आहेत का, चारी बाजूंची पांढरी कड सारखी आहे का, छपाई मध्यावर आहे का, कागदाचा मूळ कडकपणा आणि रंग टिकलाय का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कोणी नोटेवर कारागिरी केली आहे का. म्हणजे धुणं, इस्त्री करणं, दाबून सरळ करणं, कड कापणं, फाटलेलं चिकटवणं. कागदाला असा हात लागलेला नसेल तर पीएमजी ही कंपनी आकड्यापुढे 'ईपीक्यू' अशी अक्षरं लावते, पीसीजीएस 'पीपीक्यू' लावते. दोन्हींचा अर्थ एकच, कागद मूळ अवस्थेत आहे. पीएमजीकडे ६५ आणि त्यावरचा आकडा ही अक्षरं असल्याशिवाय मिळतच नाही.

म्हणून आधीच सांगून ठेवतो. आजोबांच्या पेटीत नोट सापडली तर तिला लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, साबणाने धुऊ नका, इस्त्री फिरवू नका. आपण मायेने केलेली ही साफसफाई म्हणजे नोटेचं मातेरं. कडक नोट असेल तर पुस्तकात ठेवण्यापेक्षा संग्राहक वापरतात ते साधं पारदर्शक पाकीट घ्या आणि ओल, उजेड, वाळवीपासून लांब ठेवा. एवढ्यावर तुमचं निम्मं काम झालं.

एक गंमत सांगतो. आपल्याकडे बँका नोटांची गड्डी स्टेपल करायच्या. जाड पिना, त्याही दोन-दोन. रिझर्व्ह बँकेने १९९९ च्या स्वच्छ नोट धोरणानंतर ही पद्धत बंद करायला लावली, स्टेपल न मारण्याचा आदेश २००१ मध्ये निघाला. त्याआधीची भारतीय नोट कोरी करकरीत असली तरी डाव्या बाजूला भोकं असणारच. अमेरिकेत बसलेल्या माणसाला वाटेल की नोट खराब आहे. पण त्यांनाही कळलं की या देशात नोट जन्माला येतानाच टोचून येते. म्हणून पाकिटावर ते तशी वेगळी नोंद करतात, की स्टेपलची भोकं नोट बँकेतून निघाली तेव्हापासूनची आहेत. सांगायचा मुद्दा, पाकिटावरचा मोठा आकडा वाचून थांबू नका. खालची बारीक ओळ वाचा. फाटलेलं जोडलंय, गंजाचा डाग आहे, शाईने लिहिलंय, असल्या गोष्टी तिथेच असतात. विकणारा फोटो काढताना नेमकी तीच ओळ कापतो.

आता कंपन्यांची तुलना. नोटांच्या बाजारात सध्या दोन नावं जास्त ऐकू येतात. पहिलं पीएमजी, म्हणजे पेपर मनी गॅरंटी. अमेरिकेत फ्लोरिडातल्या सारासोटाला, २००५ मध्ये सुरू झालेली. भारतीय नोटांच्या लिलावात पाकिटबंद नोट दिसली तर ती बहुतेक वेळा यांचीच असते. दुसरं पीसीजीएस, जी मुळात नाणी ग्रेड करणारी कंपनी आणि आता नोटाही करते.

या दुसऱ्या नावाची एक भानगड माहीत असायला हवी. 'पीसीजीएस करन्सी' या नावाने आधी जी कंपनी नोटा ग्रेड करायची ती वेगळी होती, नाव परवान्यावर घेतलेलं होतं. २०१९ च्या सुरुवातीला तो परवाना संपला आणि त्या कंपनीने 'लेगसी करन्सी ग्रेडिंग' असं नाव घेतलं. नंतर मूळ पीसीजीएसने स्वतःची नोटांची सेवा सुरू केली. बाजारात आजही दोन्ही काळातली पाकिटं फिरतात. नाव जवळपास तेच, पण आत सही करणारा माणूस वेगळा. आपल्याकडे एखादा दुकानदार दुकान विकतो, नवा मालक पाटी तीच ठेवतो आणि जुन्या गिऱ्हाइकाची वॉरंटी आली की "ते आधीच्यांचं होतं" म्हणतो, त्यातला प्रकार. म्हणून ओळखीचं नाव दिसलं की आजची कंपनी जबाबदार आहे असं धरून चालू नका. पाकीट कोणत्या काळातलं आहे ते बघा.

मग दोन्हींतली चांगली कोणती? 'कोणती कंपनी मोठी' या प्रश्नात मी शिरणार नाही. माझ्या मते कुठल्याही ग्रेडिंग सेवेला, अमेरिकेतली असो नाहीतर उद्या पुण्यातली, चार प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न, हे लोक स्वतः नोटा विकतात का? पीएमजी सांगते की त्यांच्या ग्रेड करणाऱ्यांना नोटांची खरेदी-विक्री करायला बंदी आहे. हा नियम मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्याचं दुकान आहे त्यानेच आपल्या मालाला ६८ चा आकडा दिला तर ती प्रत नाही, जाहिरात आहे.

दुसरा प्रश्न, चूक निघाली तर भरून देणार का? नोट खोटी निघाली किंवा आकडा चुकीचा ठरला तर कंपनीची हमी काय आहे, ती कुठल्या अटींवर आहे, आणि हमी देणारी कंपनी आज अस्तित्वात आहे का.

तिसरा प्रश्न, पाकिटावरचा नंबर तपासता येतो का? चांगल्या कंपन्यांच्या वेबसाईटवर तो नंबर टाकला की नोटेची माहिती आणि आकडा दिसतो, बऱ्याचदा फोटोही. हे फुकट आहे. खोट्या नोटा जशा असतात तशी खोटी पाकिटंही असतात, कंपन्यांनी स्वतः तसे इशारे दिलेत. फोटोतली नोट आणि हातातली नोट यांचे सिरीयल नंबर जुळवा. पाकिटाच्या कडा उचकटून परत चिकटवल्यासारख्या दिसतात का ते बघा.

चौथा प्रश्न, पुढचा गिऱ्हाईक या पाकिटाला किंमत देतो का? कोणीही उद्या मशीन आणून पाकिटं बनवू शकतो. अनोळखी कंपनीच्या पाकिटात ७० लिहिलेलं असलं तरी जाणकार माणूस ते न वाचता नोटच बघेल.

या चार प्रश्नांवर जुनी, मोठी कंपनी बहुतेक वेळा उजवी ठरते, हे मान्य. पण मोठी म्हणजे देव नव्हे. एकच नोट दोनदा पाठवली तर दोन वेगळे आकडे येऊ शकतात. ६४ आलं की पाकीट फोडून नोट परत पाठवायची, कधीतरी ६५ मिळेल या आशेवर, असा उद्योग जगभर चालतो. त्यात कंपनीला दर वेळी फी मिळते, आणि एकच नोट कंपनीच्या यादीत दोन-तीनदा मोजली जाते. आकडा शेवटी माणूस देतो. तराजू देत नाही.

इथे आपल्या भागातला माणूस म्हणून मला जे लागतं ते बोलतो. आपलं आयुष्य दुसऱ्याने लावलेल्या प्रतीवर चालतं. दूध घातलं, फॅट कोण काढतो? घेणारा. ऊस घातला, काटा कोणाचा? घेणाऱ्याचा. गुऱ्हाळावरचा गूळ नेला, रंग बघून 'दोन नंबर' कोण म्हणतो? घेणारा. या प्रत्येक ठिकाणी शेतकऱ्याची मागणी वर्षानुवर्षं एकच आहे, मोजणारा तिऱ्हाईत असावा. सोन्याच्या बाबतीत सरकारने ही मागणी बऱ्यापैकी पूर्ण केली. हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं. आता दागिन्यावर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी असतो, तो आपण मोबाईलवर तपासू शकतो, आणि शुद्धता सोनार स्वतः ठरवत नाही, तपासणी केंद्र ठरवतं. नोटांच्या ग्रेडिंगला आपल्याकडे असली कुठलीही सरकारी चौकट नाही. कंपनी म्हणेल तो नियम.

मग सरकारने नोटांनाही हॉलमार्क सुरू करावा का? मला तसं वाटत नाही. सोनं घरोघर आहे, नोटांचा छंद मूठभर लोकांचा. पण एवढं तरी व्हावं, की देशात जी कोणी सेवा देईल आणि जो कोणी लिलाव करील, त्याने लेखी सांगावं: ही नोट कोणाची आहे, विकणाऱ्याचा आणि प्रत लावणाऱ्याचा आपसात काही संबंध आहे का, आणि चूक निघाली तर पैसे परत कोण देणार. यात खर्च नाही, फक्त लाज पाहिजे.

जुने संग्राहक याच्यावर हसतात, हेही सांगायला हवं. त्यांचं म्हणणं असं, की आम्ही चाळीस वर्षं हातात नोट धरून, उजेडात तिरकी करून, बोटाने कागद चाचपून ओळखलं. आता प्लास्टिकमध्ये बंद केली की कागदाला हातही लागत नाही. आपल्या नोटेला अमेरिकेतून दाखला कशाला? त्यांचं अर्धं म्हणणं मला पटतं. डोळा तयार करणं याला पर्याय नाही, आणि छंद म्हणून नोटा जमवणाऱ्याला पाकिटाची गरजही नाही. पण हा डोळा ज्याच्याकडे नाही, त्याचं काय? मांडवगणच्या नाहीतर पाटसच्या एखाद्या घरात सासऱ्यांच्या पेटीत नोटा सापडल्या, आणि व्यापारी घरी येऊन म्हणाला "ताई, दोन हजार देतो सगळ्याचे". त्या बाईकडे स्वतःचा डोळा नाही, ओळखीचा जाणकार नाही. तिच्यासाठी तिऱ्हाइताचं मत हाच आधार आहे. ग्रेडिंगचा खरा उपयोग श्रीमंत संग्राहकाला असेल तेवढाच, किंबहुना जास्तच, न कळणाऱ्याला आहे. म्हणूनच ते खरं आणि परवडणारं असायला हवं.

आता परवडण्याचं बोलू. कंपनीची फी डॉलरमध्ये. त्यावर इथल्या एजंटचं कमिशन, जाण्या-येण्याचा खर्च, विमा, आणि महिनोन् महिने थांबणं. समजा तुमची नोट पाकिटाशिवाय ८०० रुपयांना जाते आणि पाकिटात घालून २,५०० ला जाईल. सगळा खर्च मिळून ३,००० झाला तर तुम्ही हौस विकत घेतली, धंदा केला नाही. साधा नियम असा, की पाकिटामुळे भावात पडणारा फरक खर्चाच्या दुपटीहून जास्त असेल तरच पाठवायचा विचार करावा.

आणि ट्रॅक्टरची नोट? ती अनेक वर्षं, अनेक गव्हर्नरांच्या सहीने, बेसुमार छापली गेली. ती आजही कायदेशीर चलन आहे. खिशातून फिरलेल्या ट्रॅक्टरच्या नोटेची किंमत पाच रुपये. ७८६ नंबरचंही तसंच. श्रद्धेपोटी कोणी थोडे जास्त देईल, तो त्याचा मान. लाख कोणी देत नाही.

मग खरंच जपण्यासारख्या नोटा कोणत्या? थोडं सांगतो, म्हणजे डबी उघडताना नजर तयार राहील.

एक रुपयाची पहिली नोट ३० नोव्हेंबर १९१७ ला आली, पाचव्या जॉर्जचं चित्र असलेली. पहिल्या महायुद्धात चांदीची टंचाई झाली म्हणून रुपयाचं नाणं कागदावर आलं. १९२८ पासून नोटा आपल्या नाशिक रोडला छापल्या जाऊ लागल्या. रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, तिच्या स्वतःच्या नोटा १९३८ मध्ये निघाल्या, त्यावर जेम्स टेलर यांची सही. १९४३ ला पहिले भारतीय गव्हर्नर झाले ते आपले चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावचे. त्यांच्या सहीच्या नोटा मराठी माणसाने तर आवर्जून बघाव्यात. १९७० मध्ये बी. एन. आडारकर जेमतेम सहा आठवडे गव्हर्नर होते. गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर त्यांची सही सापडते. मुदत छोटी, म्हणून सही दुर्मिळ. १९५४ च्या १,०००, ५,००० आणि १०,००० च्या मोठ्या नोटा जानेवारी १९७८ ला रद्द झाल्या, त्यातल्या फार थोड्या उरल्या. हैदराबाद संस्थानाच्या १९१८ पासूनच्या नोटाही आहेत. दौंड जंक्शनवरून निजामाच्या मुलखात नोकरीला जाऊन आलेल्या रेल्वेच्या घरांत एखादी निघाली तर नवल नाही. आणि अलीकडची म्हणाल तर नंबरात तारा असलेली नोट. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घालण्यासाठी २००६ पासून अशा नोटा येतात. पण तारा दिसला की लाख, असंही नाही. त्यातल्याही बऱ्याच साध्या आहेत.

बघा, या सगळ्यात किंमत ठरवणारी गोष्ट कोणती? सही, साल, किती छापल्या, किती उरल्या. आकडा ६५ की ६७ हे त्याच्या नंतर येतं. दुर्मिळ नोट २० च्या आकड्याची असली तरी तिला मागणी असते. कालची शंभराची नोट ६७ ची असली तरी गड्डीत तिच्यासारख्या अजून ९९ आहेत.

आता कायद्याच्या तीन गोष्टी, कारण यात अज्ञान महागात पडतं.

एक, २०१६ ला रद्द झालेल्या ५०० आणि १,००० च्या नोटा. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा १० पेक्षा जास्त नोटा जवळ ठेवता येत नाहीत. अभ्यास, संशोधन किंवा नाणी-नोटांच्या संग्रहासाठी मर्यादा २५ ची आहे. त्याहून जास्त सापडल्या तर दंड किमान १०,००० रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, यातला जो मोठा तो. "गड्डी ठेव, पुढे भाव येईल" असं सांगणाऱ्याला हे ऐकवा.

दोन, १०० वर्षं उलटलेली ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यामुळे खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. वर सांगितलेली १९१७ ची नोट त्या वयाची झाली आहे. अशी वस्तू ग्रेडिंगला पाठवण्याआधी जाणकाराला विचारा. चालू चलनाच्या नोटा परदेशी पाठवण्यावरही परकीय चलन कायद्याची बंधनं आहेत. त्यामुळे स्वतःच पाकीट भरून पोस्टात टाकायचा उद्योग करू नका.

तीन, दोन हजारांची नोट. १९ मे २०२३ ला ती मागे घ्यायचं जाहीर झालं, पण ती रद्द झालेली नाही, कायदेशीर चलन म्हणून कायम आहे. "दुर्मिळ झाली" म्हणून ती चढ्या भावाने कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

शेवटी जाहिरातवाल्यांकडे परत येतो, कारण या दोन गोष्टी एकमेकांत मिसळायला वेळ लागणार नाही. त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी फोटो मागवायचा, मग "तुमची नोट पास झाली" म्हणून अभिनंदन, मग रजिस्ट्रेशनचे थोडे पैसे, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेच्या नावाचं खोटं पत्र, मग 'क्लिअरन्स'. आधी गेलेले पैसे वाचवायला माणूस पुढचे भरत जातो. त्यात उद्या कोणी म्हणेल, "साहेब, नोट ग्रेड करावी लागेल, सर्टिफिकेटचे साडेचार हजार पाठवा." लक्षात ठेवा, घ्यायची घाई असलेला माणूसच ग्रेडिंगचे पैसे मागत असेल तर तो तिऱ्हाईत नाही. आणि कुठलीही खरी कंपनी व्हॉट्सॲपवरच्या फोटोवरून प्रत देत नाही, नोट प्रत्यक्ष हातात घ्यावीच लागते. पैसे गेले असतील तर लाज न बाळगता ताबडतोब १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं. ठाण्यात कोणी "पाच रुपयाच्या नोटेला भुललात का?" म्हणून हसलं तरी तक्रार लेखी द्या.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. आपल्या दोन्ही तालुक्यांतल्या बँकांनी रिझर्व्ह बँकेचा तो इशारा मराठीत, मोठ्या अक्षरात, दारात लावावा. ग्रामपंचायतींनी बोर्डावर लावावा, रांजणगाव आणि कुरकुंभच्या कंपन्यांनी कामगारांच्या कॅन्टीनमध्ये लावावा, कारण ओव्हरटाईमचे पैसे असेच जातात. आणि आपल्या कॉलेजांनी सहलीत एकदा तरी मुंबईला फोर्टमधलं रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय धरावं, नाशिकजवळ अंजनेरीला नाण्यांच्या अभ्यासाची संस्था आहे तिथे पोरांना न्यावं. पुण्यात संग्राहकांची प्रदर्शनं भरतात, तिथे नोटा हातात घेऊन बोलणारे लोक भेटतात. एक नोट तिथे दाखवून चार जणांना विचारलं की मत फुकट मिळतं. चौघांचं मत जुळलं तर तोच तुमचा पहिला तिऱ्हाईत.

तोपर्यंत घरातली डबी उघडा, नोटांचे फोटो काढून ठेवा, सही आणि साल वहीत लिहा, आजीला विचारा ही नोट घरात कशी आली. विकायची घाई करू नका. आणि कॉमेंटमध्ये नोटांचे सिरीयल नंबर टाकू नका, या पोस्टखाली ते जाहिरातवालेही वाचत असतील.